कॅप्स लॉकमधला भोंडला

आमच्या घरात फाईलला नाव द्यायची प्रत्येकाची आपापली पद्धत आहे. बाबा सगळं कॅपिटलमध्ये लिहितात, कारण ते कॉम्प्युटरवर बसायला लागले तो डॉसचा काळ, नाव फार तर आठ अक्षरांचं आणि टिंबानंतर तीन, आणि स्क्रीनवर दिसायचं तेही कॅपिटलमध्येच, त्यात जन्मभर रेल्वेचे नि पोस्टाचे फॉर्म ब्लॉक लेटर्समध्ये भरलेले, त्यामुळे हाताला तेच वळण. काका शिफ्टच्या बटणाला हातच लावत नाहीत, त्यांचं सगळं स्मॉल. आत्या जे काही करते ते फोनवर, आणि फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, पुढचं सगळं लहान. कॅमेऱ्यांचं तर ठरलेलंच आहे, डिजिटल कॅमेऱ्यांसाठी डीसीएफ नावाचं जे मानक आहे त्यात फोल्डर आणि फाईलची नावं मोठ्या अक्षरांत, म्हणून आजही मेमरी कार्ड उघडलं की डीसीआयएम, आत आयएमजी आणि पुढे आकडे, आणि शेवटचं जेपीजीसुद्धा कॅपिटलमध्ये.

हे सगळे हात वर्षानुवर्षं एकाच संग्रहात लिहीत आले. संग्रह म्हणजे फार थोर काही नाही, पण आमच्यासाठी आहे. आजोबांनी टेपरेकॉर्डरवर धरलेली कीर्तनं, मुंजी आणि लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेले व्हिडिओ, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरातला गणपती, कोजागरी, आणि आजीचा भोंडला. हे सगळं बाबांच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर एका मोठ्या फोल्डरमध्ये होतं आणि ज्याला जे सापडेल ते तो पेनड्राइव्हवरून आणून त्यात टाकायचा.

भोंडल्याबद्दल थोडं सांगते, कारण या लेखात पुढे तोच येत राहणार. १९८० च्या दशकातली कॅसेट आहे, काकांनी मुद्दाम टेप लावून ठेवला होता. पाटावर हत्ती काढलेला, भोवती बायका फेर धरतायत, आजीचा आवाज सगळ्यांच्या वर. आणि मागे, खिडकीच्या बाहेरून, गल्लीतल्या गरब्याचा लाउडस्पीकर सतत ऐकू येतो, कारण भोंडला आणि नवरात्र एकाच दिवसांत आणि बडोद्यात नवरात्र म्हणजे काय असतं ते बडोदेकरांना सांगायला नको. भोंडल्याचा ताल वेगळा, गरब्याचा वेगळा, आणि आजी त्या दोन्हींमध्ये जराही न डगमगता आपला ताल धरून आहे. शेवटी खिरापत ओळखायची वेळ येते, कुणीतरी विचारतं गोड की तिखट, नावांची फैर झडते, आणि कुणालाच येत नाही कारण त्या दिवशी आजीने खांडवी केलेली असते. ही खांडवीची हकीकत घरात सगळ्यांना पाठ आहे, पण ती आजीच्या आवाजात ऐकायची ती याच एका रेकॉर्डिंगमध्ये.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. ज्यांनी तो बघितला त्यांना मी वेगळं काय सांगणार, अर्ध्या शहरात पाणी, आणि पाण्याबरोबर मगरीसुद्धा वस्तीत आल्या. आत्याचं घर अकोट्याच्या बाजूला, तळमजल्यावर. कपाटाच्या खालच्या खणात कॅसेटचा खोका होता. पाणी ओसरल्यावर तो उघडला तेव्हा फिती चिखलाने एकमेकींना चिकटलेल्या. सुदैवाने त्यातल्या बऱ्याचशा आधीच कॉम्प्युटरवर उतरवलेल्या होत्या. पण त्या दिवसापासून त्या फाईली म्हणजे नुसती प्रत राहिली नाही, तीच मूळ झाली. हे डोक्यात बसलं आणि मग मी ठरवलं की आता हे सगळं एका नीट जागी, नीट बॅकअपसह, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना टीव्हीवर रिमोटने लावता येईल असं ठेवायचं.

सामान साधंच. एक सेकंडहँड मिनी पीसी, त्यावर विंडोजऐवजी डेबियन नावाचं लिनक्स, दोन हार्ड डिस्क, दोन्ही लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या, आणि वर जेलिफिन. जेलिफिन हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर, २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं निघालं, आपल्याच मशीनवर चालतं, आपले व्हिडिओ आणि गाणी टीव्हीवर, फोनवर दाखवतं, बाहेर कुणाकडे काही जात नाही. मला ते याच कारणासाठी आवडतं.

डेटा कॉपी झाला, फाईलींची संख्या जुळली, साइझ जुळली, आणि तरीही काका फोनवर म्हणाले, “अगं, भोंडल्याची प्लेलिस्ट अर्धीच दिसते.” बाबांच्या कॉम्प्युटरवर मात्र तीच प्लेलिस्ट पूर्ण वाजत होती. काका तिथे बसून म्हणतात, “हे बघ, इथे तर बधुं बरोबर आहे!” बधुं म्हणजे गुजरातीत सगळं, आणि ते खरंच होतं.

ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी इथे जरा थांबते. कॉम्प्युटरला अक्षर म्हणजे आकडा. इंग्रजी कॅपिटल ए म्हणजे ६५ आणि स्मॉल ए म्हणजे ९७, फरक ३२ चा, म्हणजे फक्त एका बिटाचा. विंडोज फाईल शोधताना हा फरक सोडून देतं. तुम्ही जसं नाव टाइप केलं तसं ते जपून ठेवतं, पण शोधताना मोठं-लहान एकच धरतं, आणि त्यासाठी एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या, प्रत्येक डिस्कवर अपकेस नावाची एक लपलेली फाईल असते, १२८ केबीची, कुठल्या लहान अक्षराचं मोठं अक्षर कुठलं याचा अख्खा तक्ता तिच्यात. मॅकसुद्धा सहसा तसंच वागतो. लिनक्स असं काही करत नाही. त्याच्या लेखी फाईलचं नाव म्हणजे बाइटांची एक रांग, तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून त्यात काहीही चालतं, आणि रांग तंतोतंत जुळली तरच ती फाईल, नाहीतर ती फाईल नाहीच.

आता भोंडल्याचं काय झालं ते. प्लेलिस्ट काकांनी केली होती, एम३यू फाईल, आणि एम३यू म्हणजे आत काही जादू नसते, साधी टेक्स्ट फाईल, एका ओळीला एक पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता. मी ती नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडली. काकांनी लिहिलेलं फोल्डरचं नाव सगळं स्मॉलमध्ये, बी एच ओ एन डी एल ए. डिस्कवर बघितलं तर तेच नाव सगळं कॅपिटलमध्ये. म्हणजे काकांनी प्लेलिस्ट केल्यावर कधीतरी बाबांनी आवराआवर करताना फोल्डरचं नाव आपल्या पद्धतीने करून टाकलं. विंडोजला त्याने काहीच फरक पडला नाही, गाणी वाजत राहिली, त्यामुळे नाव बदललं हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. ज्या ओळी बाबांचा हात न लागलेल्या फोल्डरकडे बोट दाखवत होत्या त्या लिनक्सवर चालल्या, बाकीच्या गळाल्या. फाईली होत्या तिथेच होत्या. फक्त त्यांच्याकडे जायचा पत्ता चुकलेला होता, आणि तोही चुकलेला आहे हे इतकी वर्षं कुणी बोललं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त हेच लागलं. आजीचा आवाज असलेली फाईल तिथे आहे, शाबूत आहे, बॅकअपमध्येही आहे, आणि तरी टीव्हीसमोर बसलेल्या काकांसाठी ती नाहीच. हरवणं हे असंही असतं. आणि हे मोठ्या संग्रहात झालं तर कळतही नाही, कारण गळालेली ओळ स्क्रीनवर ओरडून सांगत नाही, ती फार तर लॉगमध्ये कुठेतरी एक ओळ टाकते, आणि लॉग काका थोडेच वाचणार.

याच्या उलट प्रकार लग्नांच्या फोल्डरचा. ताईच्या लग्नाचे व्हिडिओ काकांकडूनही आले होते आणि आत्याकडूनही, फोल्डरचं नाव तेच, काकांचं स्मॉलमध्ये आणि आत्याचं पहिलं अक्षर मोठं. विंडोजवर हे एकत्र टाकले असते तर विंडोजने दोघांचं एक फोल्डर करून टाकलं असतं. इथे ते आरसिंक या कॉपी करायच्या कमांडने थेट लिनक्सच्या डिस्कवर आले, त्यामुळे शेजारी शेजारी दोन फोल्डर उभे राहिले, जेलिफिनमध्ये एकच लग्न दोनदा, एकात सीमांतपूजन आणि दुसऱ्यात विहीण पंक्ती. आणि गंमत नाही, काळजीची गोष्ट अशी, की हेच दोन फोल्डर नेटवर्कवरून विंडोजच्या कॉम्प्युटरला दाखवले तर तिथून त्यातलं एकच धड उघडतं, दुसऱ्यातल्या फाईलींपर्यंत पोचताच येत नाही, कारण विंडोजच्या मते ती दोन नावं नाहीतच.

डॉकरचा एक भाग यात आहे तो पटकन सांगते, कारण यात बरेच लोक अडकतात. डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर एका बंद डब्यात, कंटेनरमध्ये, चालवायचं साधन. जेलिफिन मी त्यात चालवते, आणि कंटेनरला बाहेरचं कुठलं फोल्डर आत कुठे दिसायचं हे लिहून द्यावं लागतं. कॉन्फिगरेशन भावाने पुण्याहून त्याच्या सेटअपवरून पाठवलं होतं, त्याचं मीडियाचं फोल्डर कॅपिटल एमने सुरू होणारं, माझी डिस्क स्मॉल एमवर माउंट केलेली. आता डॉकरला मायनस व्ही देऊन फोल्डर जोडलं आणि ते फोल्डर अस्तित्वातच नसलं, तर डॉकर तक्रार करत नाही, त्या नावाचं नवं रिकामं फोल्डर स्वतःच तयार करतो आणि पुढे जातो. जेलिफिन सुरू, कंटेनर हिरवा, लायब्ररी स्कॅन पूर्ण, आणि आत शून्य. त्याऐवजी मायनस मायनस माउंट वापरलं तर पाथ नसेल तेव्हा सरळ एरर येते आणि कंटेनर उठतच नाही. मला दुसरं हजारपट बरं वाटतं. शून्य दाखवण्यापेक्षा नाही म्हणून सांगावं.

आणि इथेच माझं आणि भावाचं मत वेगळं आहे. त्याचं म्हणणं, लिनक्सने उगाच हे लफडं ठेवलंय, माणसाला मोठं-लहान अक्षर एकच वाटतं तर मशीनलाही वाटायला पाहिजे. ऐकायला बरोबर वाटतं. पण मोठं-लहान एकच धरा म्हणणं सोपं, धरायचं कसं ते सोपं नाही. तुर्की भाषेत टिंबवाल्या आयचं मोठं अक्षरही टिंबवालं असतं आणि बिनटिंबाचा आय वेगळाच, म्हणजे इंग्रजीत जी जोडी आहे ती तुर्कीत जोडी नाही. जर्मनमधलं एक अक्षर मोठं केलं की त्याचे दोन एस होतात. मग फाईल उघडायची की नाही हे ठरवताना फाईलसिस्टिमने कुठल्या भाषेचे नियम लावायचे? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा या असल्या फाईलसिस्टिमना पूर्वीपासून कडक विरोध आहे आणि मला तो पटतो.

तरी लिनक्समध्ये सोय आहे. ईएक्सटी४ मध्ये २०१९ पासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कर्नलच्या, ५.२ आवृत्तीपासून, केसफोल्ड आहे, डिस्कवर आधी ते चालू करायचं आणि मग रिकाम्या फोल्डरला खूण लावायची, त्या फोल्डरात मोठं-लहान एक धरलं जातं. भाऊ म्हणाला हे कर, नाहीतर डिस्क सरळ एनटीएफएसचीच ठेव. एनटीएफएसने तर काहीच साधत नाही, कारण तीच डिस्क लिनक्सला लावली की तिथले ड्रायव्हर मुळात मोठं-लहान वेगळंच धरतात. आणि केसफोल्ड मी विचार करून नाही घेतलं. उद्या हा मिनी पीसी बंद पडला, डेटा दुसऱ्या डिस्कवर गेला, बॅकअप कुठल्या तरी साध्या मशीनवर उघडावा लागला, तर तिथे ती खूण नसणार, आणि काकांची प्लेलिस्ट परत अर्धी. आजार तसाच राहील, फक्त मी असेपर्यंत दिसणार नाही. मला तो संग्रह माझ्याशिवायही चालायला हवा आहे.

आपल्या बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था लावून घेतली, बोर्डन यांनी बडोद्यासाठी पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धतही तयार केली. लहानपणी बाबांबरोबर मांडवीला जायचे तेव्हा तिथली लोखंडी कपाटं आणि मजल्यामजल्यांच्या काचेच्या जमिनी बघत बसायचे मी. तिथे काउंटरवर तुम्ही पुस्तकाचं नाव अर्धवट सांगा, लेखकाचं नाव चुकीचं सांगा, आतला माणूस समजून घेतो. पण पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक मात्र चिठ्ठीवर आहे तसाच हवा, तिथे जरासं इकडेतिकडे झालं की ते पुस्तक असूनही सापडत नाही. सांभाळून घेणं काउंटरवर, काटेकोरपणा कपाटात. माझं म्हणणं एवढंच आहे की फाईलचा पाथ हे कपाट आहे. सांभाळून घ्यायचं काम जेलिफिनच्या सर्चने करावं, तिथे काकांनी कसंही टाइप केलं तरी भोंडला सापडावा, शीर्षक देवनागरीत छान लिहिलेलं असावं, फोटो असावा. पाथ मात्र एकच, रोखठोक, आणि कुणाच्या सवयीवर न चालणारा.

म्हणून मी सगळी नावं स्मॉलमध्ये केली. पण नाव बदलायच्या आधी एक काम केलं आणि जो कुणी हे करणार असेल त्याला माझी कळकळीची विनंती आहे की त्यानेही करावं. फाइंड कमांडने सगळ्या फाईलींचे जुने पाथ जसेच्या तसे एका टेक्स्ट फाईलमध्ये उतरवून ठेवले, शेजारी प्रत्येक फाईलचा शा२५६ चेकसम, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा. कारण त्या नावांवरून कळतं की कुठली गोष्ट कुणी आणली. सगळं कॅपिटल असेल तर बाबांनी, पहिलंच अक्षर मोठं असेल तर आत्याने. आजोबांच्या कीर्तनांच्या फाईलींवर बाबांनी कॅपिटलमध्ये तारीख, गाव आणि तबल्यावर कोण इतकं सगळं लिहून ठेवलंय, आठ अक्षरांची सवय असलेल्या माणसाने एवढं लांब नाव लिहिलंय. ते पुसून टाकायचा मला काय अधिकार. ती माहिती मी वर्णनात घातली आणि मूळ नाव यादीत राहिलं.

मग त्याच यादीतून धडकणारी नावं काढली, म्हणजे सॉर्ट आणि युनिक या कमांडना मोठं-लहान एक धरायला सांगायचं आणि जी नावं दोनदा येतात तेवढीच दाखवायला सांगायची. या यादीत जे येतं तेच खरं धोक्याचं, कारण दोन्ही स्मॉल केली की एक दुसऱ्याच्या डोक्यावर बसणार. चेकसम सारखा निघाला तर एकच प्रत ठेवायची, वेगळा निघाला तर दोन्ही ठेवून नावात फरक करायचा. ताईच्या लग्नात एका व्हिडिओचं नाव दोन्हीकडे तेच होतं आणि चेकसम वेगळा, उघडून बघितलं तर आत्याच्या प्रतीत शेवटी पाठवणीचा तुकडा जास्त होता, जो काकांच्या प्रतीत कापला गेलाय. मशीनवर सोडलं असतं तर तो गेला असता. नाव बदलताना आतल्या फाईली आधी आणि बाहेरचं फोल्डर नंतर, त्यासाठी फाइंडला डेप्थ सांगावं लागतं, नाहीतर फोल्डरचं नाव बदलतं आणि आतले पाथ हवेत लटकतात. आणि नाव बदलणाऱ्या एमव्ही कमांडला मायनस एन लावायचंच, म्हणजे त्या नावाची फाईल आधीच असली तर तो हात लावत नाही.

हे सगळं जेलिफिनच्या पहिल्या खऱ्या स्कॅनच्या आधी करावं. जेलिफिन फाईलची ओळख पाथवरून बनवतं आणि त्यातही मोठं-लहान वेगळं धरायचा पर्याय मुळातच चालू असतो, त्यामुळे नंतर एक अक्षर बदललं तरी त्याच्या हिशोबाने जुनी वस्तू गेली आणि नवी आली. सिनेमाला निदान जगभरचा एक क्रमांक असतो, त्यावरून ओळख पटते. आपल्या घरच्या मुंजीला कुठला क्रमांक. कुठे बघत होतो ती खूण, हाताने लिहिलेलं वर्णन, सगळं त्या जुन्या नोंदीबरोबर जाऊ शकतं. मी वर्णनं एनएफओ नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलीत, व्हिडिओच्या शेजारीच ठेवते, म्हणजे डेटाबेस गेला तरी माहिती फाईलबरोबर राहते.

मला वाटलं होतं की देवनागरी नावांना तरी हा त्रास नसेल, आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर हा प्रकारच नाही. पण तिथे आपला स्वतःचा एक वेगळाच गुंता आहे आणि याबद्दल मराठीत कुणी फारसं लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आत्याने नंतर एका वर्षीच्या भोंडल्याचे फोनवरचे व्हिडिओ दिले, फाईलचं नाव देवनागरीत, दुसऱ्या दिवशीचा भोंडला. तोच व्हिडिओ चुलतभावाच्या जुन्या मॅकवरूनही आला, तेच नाव. आणि तिसरी प्रत बाबांच्या कॉम्प्युटरवर होती. तिन्ही एका फोल्डरमध्ये, तिन्हींचं नाव डोळ्यांना अगदी तेच, आणि माझ्या धडकणाऱ्या नावांच्या यादीत एकही नाही.

बाइट काढून बघितले तेव्हा कळलं. दुसऱ्या या शब्दातला जो अर्धा र आहे, य च्या डावीकडे आडवा चिकटलेला, तो युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या मानकात, तीन तऱ्हांनी येऊ शकतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य, एकूण ९ बाइट. दोन, साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडणारा झेडडब्ल्यूजे, मग य, १२ बाइट, काही कीबोर्ड असं टाइप करतात. तीन, साधा र आणि खाली नुक्ता असे दोन वेगळे तुकडे, मग हलन्त आणि य, पुन्हा १२ बाइट. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्क नावं सुटी करून ठेवायच्या, म्हणून चुलतभावाकडून आलेलं नाव तिसऱ्या तऱ्हेचं. स्क्रीनवर तिन्ही एकसारखी. लिनक्सला तिन्ही वेगळी. यातली पहिली आणि तिसरी युनिकोडच्या नियमाने एकच मानली जातात, एनएफसी नावाच्या पद्धतीने नावं एकसारखी करून घेतली की ती जुळतात, आणि मॅकवरून कॉपी करताना आरसिंकला आयकॉन्व्हचा पर्याय दिला तर वाटेतच जुळवून येतात. पण झेडडब्ल्यूजेवाली दुसरी तऱ्हा एनएफसीने सुटत नाही, ती युनिकोडच्या दृष्टीने खरंच वेगळी आहे, ती हाताने शोधून बदलावी लागते. आणि मराठीत ऱ्य आणि ऱ्ह किती ठिकाणी येतात बघा, नवऱ्या मुलाचं आगमन, वऱ्हाड, बोहल्यावरून उतरल्यावर घेतलेले पायऱ्यांवरचे फोटो. एका लग्नाच्या फोल्डरमध्ये हा र डझनाने सापडतो.

शिवाय ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला, काना-मात्रा-वेलांटीसकट, ३ बाइट लागतात, म्हणजे ८५ खुणांवर नाव संपतं. बाबांसारखं तबलजीपर्यंत लिहायचं म्हटलं तर देवनागरीत पुरत नाही.

म्हणून फाईलचं नाव रोमनमध्ये, सगळं स्मॉल, जागेऐवजी आडवी रेघ, आधी वर्ष मग प्रसंग. देवनागरी मी शीर्षकात आणि वर्णनात वापरते, तिथे ती मोकळेपणाने लिहिता येते, आणि टीव्हीवर घरच्यांना तीच दिसते. मनापासून सांगते, देवनागरी मागे ढकलतेय असं मला यात अजिबात वाटत नाही. जिथे माणूस वाचतो तिथे ती पूर्ण आणि शुद्ध आहे.

घरच्यांनी आपल्या सवयी बदलाव्यात हे मी कुणालाही सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. बाबांनी या वयात कॅप्स लॉक का सोडावं. त्यांच्या कॉम्प्युटरवरून फाईली येतात त्या सांबाच्या, म्हणजे लिनक्सचं फोल्डर नेटवर्कवरून विंडोजला दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, शेअरवर, आणि सांबात त्याची सोय आहे, प्रिझर्व्ह केस आणि शॉर्ट प्रिझर्व्ह केस दोन्ही नो, डिफॉल्ट केस लोअर, केस सेन्सिटिव्ह यस. मग विंडोजवरून कुणी कसंही नाव देऊन फाईल टाकली तरी डिस्कवर ती स्मॉलमध्येच उतरते, आणि विंडोजवाल्याला काही कळायचीही गरज नाही. फक्त आधीपासूनची सगळी नावं स्मॉल झालेली हवीत, नाहीतर जुन्या फाईली विंडोजला सापडत नाहीत, म्हणून हे सेटिंग सगळ्यात शेवटी. पेनड्राइव्हवरून जे थेट येतं त्यावर आधी तपासणीची स्क्रिप्ट चालते, ती नाव बदलत नाही, फक्त काय काय धडकेल ते दाखवते, बदल मी बघून करते. काकांच्या प्लेलिस्टमधले पाथही नव्या नावांप्रमाणे करून घेतले, उलट्या तिरक्या रेघा सुलट केल्या, आणि आता ती त्यांच्या घरच्या टीव्हीवर सुरुवातीपासून खांडवीपर्यंत पूर्ण वाजते.

आत्याकडे पुरातून वाचलेल्या, वरच्या खणात असलेल्या काही कॅसेट अजून उतरवायच्या आहेत, दिवाळीत ती घेऊन येणार आहे. त्यातल्या काहींची लेबलं ओलीने पुसली गेलीत, त्यामुळे नाव द्यायला आधी ऐकावंच लागेल. काका म्हणालेत ते येऊन बसतील, आवाज ओळखतील आणि साल सांगतील, मी टाइप करायचं.